जप्तीचा हुकूम आणि परदेशातील तिजोरी

१९६८ सालच्या मार्च महिन्यात स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरातील एका मोठ्या बँकेत विल्यम साँडर्स आणि जेन रायन या दोन नावांनी खाती उघडण्यात आली. या नावांची माणसे अस्तित्वात नव्हती. खाती होती फिलिपिन्सचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस आणि त्यांच्या पत्नी इमेल्डा यांची. पुढे ही रक्कम निरनिराळ्या प्रतिष्ठानांच्या नावांवर फिरत राहिली, वाढत राहिली. २००२ सालच्या आरंभी व्याजासह ती ६५ कोटी ८० लाख अमेरिकन डॉलरांवर गेली होती. आणि १९६५ पासून १९८६ पर्यंतच्या एकवीस वर्षांत या दांपत्याला सार्वजनिक पदांवरून मिळालेले ज्ञात वैध उत्पन्न किती, तर सुमारे तीन लाख चार हजार डॉलर. हा हिशेब फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालपत्रातच मांडलेला आहे.

पैसा कोठून आला असावा, हे सांगायला फार मोठा पंडित नको. अवघड प्रश्न निराळाच आहे. मनिला येथील न्यायालयाने उद्या ही रक्कम सरकारजमा केल्याचा हुकूम दिला, तर झुरिकमधील बँकेने तो कोणत्या न्यायाने मानावा? ज्या देशात पैसा ठेवला आहे, तेथील न्यायाधीश मनिलाच्या न्यायाधीशाचा ताबेदार नव्हे.

आपल्या देशात ही अडचण आज सहसा जाणवत नाही. बेळगावच्या न्यायालयाचा हुकूमनामा कोल्हापुरातील मिळकतीवर बजावायचा असेल, तर तो तिकडे वर्ग होतो आणि दरखास्त चालते; कारण दोन्ही न्यायालये एकाच प्रजासत्ताकाची आहेत. परंतु संस्थानी अमदानीत तसे नव्हते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा हैदराबाद येथील न्यायालये ब्रिटिश हिंदुस्थानच्या दृष्टीने परकी होती. ग्वाल्हेरचे सरदार मालोजी नरसिंगराव शितोळे यांनी १९४८ साली ग्वाल्हेरच्या न्यायालयातून एक एकतर्फी हुकूमनामा मिळविला. प्रतिवादी उत्तर प्रदेशातील होते आणि ते ग्वाल्हेरला हजरच झाले नव्हते. पुढे संस्थान विलीन झाले, राज्यघटना आली, हुकूमनामा बजावणीसाठी अलाहाबादला गेला. तरीही १९६२ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असा निर्णय दिला की, हुकूमनामा झाला त्या दिवशी ते न्यायालय परके होते, प्रतिवादी त्याच्या अधिकाराखाली नव्हते, तेव्हा त्याची बजावणी होऊ शकत नाही. नकाशावरची सीमा पुसली गेली तरी निकालाचे परकेपण पुसले गेले नाही.

हा झाला खाजगी देण्याघेण्याचा मामला. तेथे परका हुकूमनामा निदान योग्य अटींवर तरी मानला जातो. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १३ व्या कलमात त्या अटी दिलेल्या आहेत. परंतु हुकूम जेव्हा राज्यसत्तेने स्वतःसाठी मिळविलेला असतो, म्हणजे दंड, कर किंवा जप्ती वसूल करण्याचा असतो, तेव्हा जुना नियम फार कठोर आहे. एका देशाच्या न्यायालयाने दुसऱ्या देशाच्या शिक्षेची अंमलबजावणी करावयाची नाही, असा तो नियम. शिक्षा म्हणजे काय, याची कसोटी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८९२ साली हंटिंग्टन विरुद्ध अॅट्रिल या खटल्यात घालून दिली. न्यूयॉर्कमधील एका कंपनीच्या भांडवलाविषयी खोटे प्रमाणपत्र सही करणाऱ्या संचालकावर तेथील कायद्याने कंपनीचे कर्ज फेडण्याची जबाबदारी टाकली होती, आणि तो हुकूमनामा कॅनडातील ऑन्टॅरिओत बजावावयाचा होता. प्रिव्ही कौन्सिलने पाहिले ते इतकेच, की पैसा कोणाच्या हाती जाणार? तो नाडल्या गेलेल्या धनकोला मिळणार होता, राज्याच्या खजिन्यात जाणार नव्हता. म्हणून ती शिक्षा नव्हे आणि हुकूमनामा मान्य करण्यास हरकत नाही. हाच पैसा सरकारात भरावयाचा असता, तर उत्तर उलटे आले असते.

या नियमाचा फटका खुद्द भारत सरकारलाही बसलेला आहे. दिल्लीला वीज पुरविणारी एक कंपनी इंग्लंडमध्ये नोंदलेली होती. १९४७ साली तिचा सारा व्यवसाय भारत सरकारने विकत घेतला, कंपनीने किमतीची रक्कम इंग्लंडला नेली आणि पुढे दिवाळखोरीने नव्हे, तर स्वेच्छेने ती विसर्जित होऊ लागली. विक्रीत झालेल्या नफ्यावरचा आयकर मागण्यासाठी भारत सरकार कंपनीच्या लिक्विडेटरकडे गेले. त्याने नकार दिला, आणि प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचले. १९५५ साली लॉर्ड्सनी भारत सरकारचे म्हणणे फेटाळले. कर न्याय्य होता की अन्याय्य, याची चर्चाच उद्‌भवली नाही. दोन्ही देश राष्ट्रकुलाचे सदस्य आहेत, हा मुद्दाही कामास आला नाही. परक्या सरकारचा कर गोळा करणे हे इंग्लिश न्यायालयाचे काम नव्हे, एवढ्यावर निकाल झाला.

हा नियम हटवादी वाटतो, पण निव्वळ हटवादी म्हणून तो झिडकारता येत नाही. सत्ता बदलली की पराभूत पक्षाची घरेदारे जप्त करणारी सरकारे जगात काही थोडीथोडकी झाली नाहीत. जीव वाचवून परदेशी पळालेल्या माणसाच्या तेथील ठेवीवर त्याच्या छळकर्त्याने मायदेशातून एक हुकूम पाठवावा आणि तेथील बेलिफाने तो मुकाट्याने बजावावा, हे कोणाला रुचेल? जुन्या नियमाने अशा माणसाला आसरा दिला. मात्र त्याच छपराखाली चोरही येऊन बसला.

न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या पाच कोरीव फळ्यांची कथा या बाबतीत मोठी उद्बोधक आहे. अन्नधान्याच्या कोठीच्या या फळ्या तारानाकी प्रांतातील दलदलीत पुरलेल्या होत्या. १९७०च्या दशकाच्या आरंभी त्या वर काढल्या गेल्या आणि परवान्याविना देशाबाहेर नेऊन युरोपातील एका संग्राहकाला विकल्या गेल्या. १९७८ साली त्या लंडनमध्ये लिलावास निघाल्या, तेव्हा न्यूझीलंड सरकारने दावा लावला. १९६२ च्या त्यांच्या कायद्यात म्हटले होते की, परवान्याविना बाहेर नेलेली ऐतिहासिक वस्तू सरकारजमा होईल. तेव्हा वस्तू आमची झाली, ती परत द्या, हे सरकारचे म्हणणे. लंडनच्या अपील न्यायालयात परक्या दंडात्मक कायद्याचा जुना नियम आडवा आला. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८३ साली त्याहूनही बारीक धागा पकडला. ‘सरकारजमा होईल’ याचा अर्थ आपोआप होईल असा नव्हे. जकात अधिकाऱ्याने किंवा पोलिसाने ती वस्तू प्रत्यक्ष ताब्यात घेतली तरच होईल. फळ्या तर ताब्यात येण्यापूर्वीच समुद्रापार गेल्या होत्या. ज्या वस्तूवर मायदेशात मालकी जडली नाही, ती परदेशात मागता येत नाही. फळ्या घरी आल्या त्या २०१४ साली, पण न्यायालयाच्या हुकुमाने नव्हे. न्यूझीलंड सरकारला त्यांच्यासाठी ४५ लाख न्यूझीलंड डॉलर मोजावे लागले. कायद्याचा मसुदा लिहिणाऱ्याच्या लेखणीतून एक वाक्य मोघम सुटले, त्याची ही किंमत म्हणावी लागेल.

या कोंडीतून वाट निघाली ती मादक द्रव्यांच्या व्यापारामुळे. या व्यापारातला पैसा एका रात्रीत चार देशांतून फिरतो आणि हुकूम मात्र सीमेवर अडतो, हे सरकारांना परवडेना. १९८८ साली व्हिएन्ना येथे संयुक्त राष्ट्रांचा जो करार झाला, त्यात सदस्य देशांनी एकमेकांच्या जप्तीच्या हुकुमांना साहाय्य करण्याचे मान्य केले. २००३ च्या भ्रष्टाचारविरोधी कराराने तीच गोष्ट लाचखाऊ सत्ताधीशांच्या संपत्तीला लागू केली आणि ती संपत्ती मूळ देशाला परत करण्याचे तत्त्वही त्यात घातले. भारताने हा करार २०११ साली अनुसमर्थित केला. याचा अर्थ जुना नियम मेला असा मात्र नव्हे. भिंत उभीच आहे. तिला कायद्याने एक दार पाडले आहे, आणि दाराशी पहारेकरी बसविला आहे.

अमेरिकेच्या २००० सालच्या कायद्यात या दाराची रचना स्पष्ट दिसते. परक्या सरकारला थेट न्यायालयात जाता येत नाही. त्याने आपला हुकूम, खटल्याची हकीकत आणि प्रतिवादीला नोटीस दिल्याचा पुरावा अमेरिकेच्या अॅटर्नी जनरलकडे धाडावयाचा. न्यायाच्या दृष्टीने हा हुकूम बजावणे इष्ट आहे, असा दाखला त्यांनी दिला तरच प्रकरण जिल्हा न्यायालयापुढे जाते, आणि हा दाखला द्यावा की न द्यावा, यावर अपील नाही. म्हणजे पहिला पहारा राजकीय आहे. दुसरा न्यायालयाचा. परका हुकूम मुळात बरोबर की चूक, हे न्यायालय पाहत नाही. परक्या न्यायालयाने शाबीत धरलेल्या गोष्टी त्याला मान्य कराव्याच लागतात. ते पाहते ते एवढेच, की ज्या न्यायव्यवस्थेतून हुकूम आला ती रीतसर न्यायाशी विसंगत तर नाही ना, त्या न्यायालयाला प्रतिवादीवर आणि विषयावर अधिकार होता ना, हुकूम कपटाने मिळविलेला नाही ना, आणि मालमत्तेत ज्याचा संबंध आहे त्याला बचाव करता येईल इतक्या वेळेपूर्वी नोटीस पोहोचली होती ना. इंग्लंडचे २००५ चे नियम काहीसे निराळे असले तरी हुकूम अंतिम असावा आणि त्याची नोंद करण्याने कोणाच्या मूलभूत हक्कांचा भंग होऊ नये, हा आशय तेथेही आहे. या साऱ्या अटींत कळीची अट नोटिशीची. शितोळे सरदारांचा हुकूमनामाही प्रतिवादीच्या गैरहजेरीपाशीच अडखळला होता, हे येथे आठवावे.

भारताच्या दृष्टीने हे सारे दूरचे राहिलेले नाही. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ चा. त्याच्या ६० व्या कलमाप्रमाणे करार असलेल्या देशाला आपण जप्तीसाठी विनंतीपत्र पाठवू शकतो आणि त्यांच्या विनंतीवरून येथेही मालमत्ता अडकवून ठेवू शकतो. २०१८ साली फरारी आर्थिक गुन्हेगारांविषयी स्वतंत्र कायदा झाला. १०० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक रकमेच्या गुन्ह्यात अटकेचे वॉरंट निघालेला मनुष्य देश सोडून गेला आणि परत येईना, तर विशेष न्यायालय त्याला फरारी ठरवून त्याची देशातील व परदेशातील मालमत्ता सरकारजमा करू शकते. त्यासाठी आधी दोषसिद्धी व्हावी लागत नाही. मुंबईच्या विशेष न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये विजय मल्ल्या यांना आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नीरव मोदी यांना असे फरारी ठरविले. मोदी यांच्या मालमत्तेबाबत जून २०२० मध्ये जप्तीचा जो हुकूम झाला, त्यात वरळीच्या आणि अलिबागच्या मिळकतींबरोबर लंडनमधील सदनिकाही आली. अलिबागच्या बंगल्यावर सरकारी कुलूप लावण्यास तलाठी आणि पोलीस पुरेसे असतात. लंडनच्या सदनिकेसाठी मात्र तेथील न्यायालयाचे दार ठोठावावे लागते. भारत आणि ब्रिटन यांच्यात गुन्ह्यातील मालमत्ता शोधून जप्त करण्याविषयीचा करार १९९२ सालीच झालेला असल्याने ते दार आहे; प्रश्न पहारेकऱ्याच्या चौकशीचा आहे. आपल्या २०१८ च्या कायद्याचे १४ वे कलम फरारी ठरलेल्या माणसाला दिवाणी दाव्यात बचाव करण्यापासूनही रोखण्याची मुभा न्यायालयांना देते. घरात हे कलम धाक म्हणून उपयोगी असेल. पण ‘या माणसाचे म्हणणे ऐकले होते काय?’ असे जेथे पहिल्याच झटक्याला विचारतात, तेथे त्याचा उपयोग आपल्याला होईल की प्रतिपक्षाला, याचा विचार ते वापरण्यापूर्वीच करणे शहाणपणाचे.

आता मार्कोस यांच्या ठेवींकडे वळावयाचे. फेब्रुवारी १९८६ मध्ये जनतेच्या उठावापुढे मार्कोस देश सोडून हवाईला गेले. महिन्याभरात, २४ मार्चला, स्विस सरकारने त्यांच्या ठेवी गोठविल्या. हे अपूर्वच होते, कारण गुप्तता हीच तर स्विस बँकांची पुंजी. फिलिपिन्सच्या नव्या सरकारने १९८१ च्या स्विस साहाय्य कायद्याखाली अर्ज केला. १९९० च्या डिसेंबरात तेथील सर्वोच्च न्यायालयाने तत्त्वतः होकार दिला, पण अट घातली: फिलिपिन्सच्या न्यायालयाचा अंतिम निकाल आणा, आणि तो आरोपीचे हक्क पाळणाऱ्या रीतसर कामकाजातून आलेला असला पाहिजे. मध्यंतरी १९८९ साली मार्कोस वारले होते. मृताला शिक्षा देता येत नाही. तेव्हा १९५५ सालच्या एका फिलिपिनी कायद्याचा आधार घेण्यात आला. सरकारी सेवकाची संपत्ती त्याच्या पगाराशी अगदीच विसंगत असेल, तर ती अवैध मार्गाने मिळाली असे गृहीत धरून ती कमावल्याचा खुलासा त्यानेच करावा, असे तो कायदा सांगतो. डिसेंबर १९९१ मध्ये या कायद्याखाली जप्तीचा दावा दाखल झाला.

दावा रेंगाळला. अखेर १९९७ च्या डिसेंबरात स्विस न्यायालयाने आपली अट थोडी सैल केली. या पैशाचे मूळ गुन्ह्यात आहे हे उघड दिसत असल्याने अंतिम निकालाची वाट न पाहता तो फिलिपिन्सला पाठविण्यास त्याने संमती दिली. मात्र तो मनिलाच्या बँकेत अनामत राहील, निकाल लागेपर्यंत सरकार त्याला हात लावणार नाही आणि मार्कोस राजवटीत छळ झालेल्यांना भरपाई देण्याबाबत काय होते ते कळवीत राहील, अशा अटींवर. पैसा घरी आला, पण कुलूप स्विस आणि किल्ली फिलिपिन्सच्या न्यायालयाकडे, असा प्रकार झाला.

आणि मग जे घडले ते कोणाही वकिलाला ओळखीचे वाटेल. सप्टेंबर २००० मध्ये भ्रष्टाचाराचे खटले चालविणाऱ्या विशेष न्यायालयाने, ज्याला तेथे सांदिगानबायन म्हणतात, रक्कम सरकारजमा केली. जानेवारी २००२ मध्ये त्याच न्यायालयाने आपला निर्णय फिरविला, आणि कारणांपैकी एक कारण हे की, स्विस निकालांची साक्षांकित भाषांतरे दप्तरी दाखल नव्हती! एवढी मोठी रक्कम भाषांतराच्या शिक्क्यावाचून अडली. १५ जुलै २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अडचण दूर सारली. प्रतिवादींनी हा पैसा वैध असल्याचे नुसते म्हटले होते, तो कसा कमावला हे एका ओळीनेही सांगितले नव्हते. तेव्हा भाषांतरे असोत नसोत, खुलासा नाही म्हणून रक्कम सरकारजमा, असा तो निकाल. २००४ च्या आरंभी ती फिलिपिन्सच्या खजिन्यात पडली. गोठविल्यापासून अठरा वर्षे लोटली होती.

पण परत आलेला हा पैसा राज्याचा की ज्यांच्यावर राज्याने अत्याचार केले त्यांचा? हवाईतील अमेरिकन न्यायालयात मार्कोस राजवटीच्या ९,५३९ बळींनी व त्यांच्या वारसांनी मिळून दावा लावला होता. छळ, खून, बेपत्ता होणे अशा कहाण्या ज्यूरीपुढे आल्या आणि १९९५ साली सुमारे २०० कोटी डॉलरांचा हुकूमनामा त्यांना मिळाला. हुकूमनामा हाती, पण वसूल कशातून करणार? त्यांची नजर न्यूयॉर्कमधील एका ठेवीकडे गेली. १९७२ साली मार्कोस यांनी पनामातील आरेल्मा या कंपनीच्या नावे मेरिल लिंच या दलाली पेढीत २० लाख डॉलर ठेवले होते. २००० सालापर्यंत त्यांचे साडेतीन कोटी झाले होते. फिलिपिन्स सरकार म्हणे, ही लूट आमच्या देशाची, तिचा निवाडा आमच्या न्यायालयात व्हायचा आहे. बळी म्हणत, आमचा हुकूमनामा आधीचा. खालच्या न्यायालयांनी बळींच्या बाजूने कौल दिला. जून २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उलटविला. फिलिपिन्स हे सार्वभौम राष्ट्र. त्याच्या संमतीविना त्याला खटल्यात ओढता येत नाही, आणि त्याच्याविना हा खटला चालविणे योग्य नाही, म्हणून खटलाच काढून टाकावा. यात बळींची बाजू खोटी ठरली नाही; ती ऐकण्याची जागाच उरली नाही.

हैदराबादच्या वाचकांना हा पेच परिचित वाटेल. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाच्या सरकारचे दहा लाखांहून अधिक पौंड लंडनमधील पाकिस्तानी हायकमिशनरच्या खात्यात गेले. तो पैसा जप्तीचा नव्हे. पण पाकिस्तानच्या सार्वभौम संरक्षणामुळे १९५७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सला तो दावा थांबवावा लागला, आणि निकाल भारत व निजामाचे वारस यांच्या बाजूने लागायला २०१९ साल उजाडले. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंड झाली होती. सार्वभौमत्व आडवे आले की व्याज वाढते आणि माणसे मरतात.

आरेल्माचा पैसा सरकारजमा करण्याचा हुकूम सांदिगानबायनने २००९ साली दिला, २०१२ साली फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला, आणि त्याच्या बजावणीसाठी अमेरिकन सरकार पुढे २००० च्या त्या कायद्याखाली आपल्याच देशातील न्यायालयात उभे राहिले. म्हणजे हवाईचा हुकूमनामा बाळगणाऱ्या बळींसमोर आता दोन सरकारे होती.

स्विस ठेवींतून परत आलेली रक्कम फिलिपिन्सच्या कायद्यानुसार जमीनसुधारणेच्या निधीकडे जात होती. तीतून १००० कोटी पेसो बळींच्या भरपाईसाठी राखून ठेवणारा कायदा तेथील संसदेने २०१३ साली केला. पंच्याहत्तर हजारांवर अर्ज आले. एकेक अर्ज, साक्षीदार आणि जुने कागद तपासता तपासता २०१८ साल आले, आणि ११,१०३ अर्जदारांचा हक्क मान्य झाला. झुरिकमधली ती दोन खोट्या नावांची खाती उघडल्याला तोवर पन्नास वर्षे झाली होती.